विनोबांची टकळी आणि वर्गातला स्मार्ट बोर्ड

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

गागोदे बुद्रुक म्हटलं की आपल्याला एकच ओळख सुचते, विनोबांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५. दरवर्षी ती तारीख आली की हार येतो, दोन-चार भाषणं होतात, 'जय जगत' होतं आणि जेवणाच्या आधी सगळे पांगतात. भूदान, पदयात्रा, गीताई हे वक्त्यांना पाठ असतं. विनोबा शाळेबद्दल काय म्हणत होते हे मात्र माझ्या कानावर एकाही भाषणात आलेलं नाही. आणि बातमीसाठी ही भाषणं मी शेवटपर्यंत ऐकतो, मधून उठत नाही.

तर गोष्ट १९३७ ची. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिथून एक समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. सभासदांत काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा आणि आपले गागोद्याचे विनोबा. या समितीने जो अभ्यासक्रम मांडला त्याला कोणी नई तालीम म्हणतं, कोणी मूलोद्योगी शिक्षण, कोणी वर्धा योजना. समितीने सुचवलेलं वेळापत्रक आजही बघण्यासारखं आहे. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं हाताच्या कामाला. मातृभाषेला चाळीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान दोन्ही मिळून तीस.

आजचा पालक हे वाचून म्हणेल, गणिताला एवढंच? गंमत तिथेच आहे. गणित त्या तीन तास वीस मिनिटांत शिकवायचं होतं. विनोबांनी यासाठी शब्द वापरला 'समवाय'. न्यायशास्त्रातला जुना शब्द. कापड आणि त्याचे धागे यांचं जे नातं, ते समवायाचं. धागे काढून घेतले तर कापड उरत नाही. काम आणि ज्ञान तसं एकमेकांत असावं. सकाळी दोन तास सूत काता आणि मग हात धुऊन गणिताला बसा, हे त्यांना नको होतं. टकळीवर किती वेळात किती सूत निघालं, किती तारांचं वजन किती भरलं, सुताचा नंबर कसा काढायचा, यात गणित. कापूस काळ्या मातीत का येतो आणि आपल्या कोकणात का येत नाही, यात भूगोल. इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का आला, यात इतिहास. पीळ दिल्यावर कमकुवत तंतू मजबूत का होतो, यात विज्ञान.

आणि हे सांगणारा माणूस नुसता बोलणारा नव्हता. १९१६ साली स्वतःची प्रमाणपत्रं आगीत टाकून परीक्षेच्या वाटेवरून काशीला निघून गेलेला. पुढे नालवाडीत असताना सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणूस जगतो का, हे त्यांनी स्वतःवर करून पाहिलं.

आता आपल्याकडे येऊ.

गेल्या दहा वर्षांत आपल्या भागातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल' झाल्या. कुठे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, कुठे पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून, कुठे गावकऱ्यांच्या वर्गणीतून. प्रोजेक्टर आले, मग मोठे टीव्ही, आता बोटाने चालणारे पॅनेल. उद्घाटनांच्या बातम्या मीही केल्यात. फीत, नारळ, फोटो. पुढे त्या पॅनेलवर काय लागतं? तर पाठ्यपुस्तकातलाच धडा, त्याचाच व्हिडिओ, आणि खाली चार पर्यायांचा प्रश्न. पोरं हाताची घडी घालून बघतात. बघायला छान वाटतं हे खरं. पण पूर्वी गुरुजी बोलायचे आणि पोरं ऐकायची, आता पडदा बोलतो आणि पोरं ऐकतात. पोराच्या हाताला काम तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

मी पडद्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये 'तुम्हाला पोरांना मागे ठेवायचंय का' सुरू होईल. माझं म्हणणं एवढंच की पडदा पोरांना काही दाखवायला आणण्याऐवजी पोरांनी जे केलं, मोजलं, लिहिलं ते मांडायला आणला असता, तर त्याचे पैसे वसूल झाले असते.

म्हणजे काय? आपल्याच तालुक्यातलं सांगतो.

पेण, हमरापूर, जोहे. गणपतीच्या मूर्तींसाठी ही नावं अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. आपल्या शाळांतली कितीतरी पोरं मे महिन्यात कारखान्यात रंगाला बसतात. त्यांना हा प्रश्न घाला: एक फुटाच्या भरीव मूर्तीला जेवढी माती लागते, त्याच घडणीच्या दोन फुटाच्या मूर्तीला किती लागेल? बहुतेक जण म्हणतील दुप्पट. लागते आठपट. आणि रंग? रंग पृष्ठभागाला लागतो, म्हणून चौपट. आता साच्यातली पोकळ मूर्ती घ्या, जाडी तेवढीच ठेवा. मग मालही साधारण चौपटच. घनफळ आणि पृष्ठफळाची सूत्रं आठवी-नववीला पोरं पाठ करून विसरतात. ज्याने आठपट माती स्वतः मळली त्याला ती विसरता येणार नाहीत. त्याचे दंडच त्याला आठवण करून देतील.

पुढे चला. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी घातलं की हाताला ऊब लागते. का? जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की प्लास्टर होतं. पाणी परत मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि होताना उष्णता सोडतं. शाडू मात्र नुसता वाळतो. नवीन पदार्थ काही तयार होत नाही. म्हणून शाडू पाण्यात टाकला की विरघळून परत माती होतो आणि प्लास्टर तसंच पडून राहतं. दोन बादल्या, दोन तुकडे, मोबाईलवर दर तासाला एक फोटो. रासायनिक बदल आणि भौतिक बदल हा धडा यापेक्षा स्वस्तात शिकवता येईल असं मला वाटत नाही.

मग मोठी पोरं विचारतील, असं आहे तर प्लास्टर वापरतातच का? हलकं आहे, लवकर आवळतं, साच्यातून नक्षी छान उठते, मुंबईपर्यंत टेम्पोत तुटत नाही. शाडू गुजरातेतून येतो, वाळायला वेळ घेतो, तडकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना, मग कोर्टबाजी, मग जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला दिलेली मोकळीक आणि नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाचा वेगळा ठेवलेला प्रश्न. हे सगळं आपल्या घराघरातलं आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न्यायमंडळ म्हणून जो धडा आहे, तो आपल्याकडे कारखान्याच्या दारात उभा असतो. मराठीच्या तासाला एका कारागिराची मुलाखत घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐकून लिहून काढा. बोललेलं लिहिताना वाक्य कसं बदलतं हे त्यात कळतं. (हे काम मी वीस वर्षं करतोय आणि अजून शिकतोय.)

एक मूर्ती, आणि त्यात गणित, विज्ञान, मराठी, नागरिकशास्त्र, हिशोब. पॅनेलचं काम शेवटी: फोटो, आकडे, आलेख सगळ्या वर्गासमोर मांडणं आणि त्यावर भांडणं.

दुसरं उदाहरण पावसाचं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण यात जीव गुंतलेत.

१९ जुलै २०२३ ची रात्र आपण विसरलेलो नाही. शेजारच्या खालापुरात इर्शाळवाडी गेली. ती वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. त्याआधी दोनच वर्षं, २२ जुलै २०२१ ला, महाडचं तळीये. त्याही आधी जुलै १९८९ ला सुधागडात अंबा नदीने जांभूळपाडा नेलं. आपला जिल्हा पावसाने मारलेला जिल्हा आहे. आणि तालुक्याच्या ठिकाणी मोजलेला पाऊस आणि डोंगराच्या कुशीत पडलेला पाऊस एक नसतो, हे कुठल्याही ठाकरवाडीतली म्हातारी सांगेल.

पर्जन्यमापक करायला काय लागतं? एक सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली. वरचा भाग कापून उलटा बसवायचा, नरसाळं तयार. तळाशी खडे भरून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी घालायचं, बाजूला पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला एका पोराने वाचायचं, दुसऱ्याने पडताळायचं, वहीत लिहायचं आणि मोबाईलवरच्या तक्त्यात भरायचं. डोंगराजवळच्या दहा शाळांनी हे केलं तर जून ते सप्टेंबर रोजचे दहा आकडे. पॅनेलवर नकाशा उघडा, आकडे टाका, काल कुठे जास्त पडला बघा. सरासरी, आलेख, नकाशावाचन, ढग अडवणारा डोंगर, सगळं त्यातच आलं. आणि एखाद्या सकाळी आकडा भलताच आला तर गुरुजींनी सरपंचाला आणि तलाठ्याला फोन करायचा. हा त्या प्रकल्पाचा शेवटचा आणि खरा धडा. बाटलीच्या आकड्यावर गाव हलवायचं असं मी म्हणत नाही. पण आकडाच नसेल तर फोन कशाच्या जोरावर करणार?

याला जोडून एक हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन वर्गखोल्यांच्या शाळेचं छप्पर धरा ९६ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे २ लाख ८८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ २९ टँकर नुसते शाळेच्या छपरावरून वाहून जातात. आणि एप्रिल-मेमध्ये खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन कुठे उभ्या असतात ते सांगायला नको. हे गणित सातवीचं पोर करू शकतं. केल्यावर ते गप्प बसेल का? मला नाही वाटत. कदाचित म्हणूनच ही असली गणितं पुस्तकात नसतात.

जाता जाता: अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेतेय. मुंबईत ट्राम विजेवर धावणार, त्याने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती इकडे आली. रोज न चुकता मोजणं म्हणजे काय ते आपल्याच जिल्ह्यात एवढी वर्षं चाललंय. आपल्या पोरांनी सहलीत किल्ले आणि बीच सोडून ते दार पाहिलंय का कधी?

आता मोबाईलचं. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के पोरं स्मार्टफोन वापरू शकतात असं निघालं. त्या आठवड्यात शिक्षणासाठी वापरलेली ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. म्हणजे यंत्र पोराच्या हातात आलेलंच आहे. त्या यंत्रात घड्याळ आहे, कॅमेरा आहे, आवाज मोजायची सोय आहे, हादरा आणि कल ओळखणारे सेन्सर आहेत. प्रयोगशाळाच खिशात आहे, आपण तिच्यात रील बघतो. विनोबांच्या काळात टकळी निवडली गेली कारण ती स्वस्त होती, खिशात मावायची आणि तिच्यावर काम करता यायचं. आजचा मोबाईल पहिल्या अटीत थोडा कमी पडतो, बाकी दोन्ही पुऱ्या करतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. नई तालीम बुडाली का? स्वातंत्र्यानंतर सरकारी कागदावर ती बरीच वर्षं होती. पण साहेबाचं पोर इंग्रजी शाळेत आणि गरिबाचं पोर चरख्यावर, हे लोकांना दिसत होतं. कुंभाराने म्हणावं, मडकी करायला घर आहे, शाळेत कशाला? दलित-आदिवासी आईबापांनी म्हणावं, या कामातून सुटायला पोर शाळेत घातलं, तुम्ही परत तेच हातात देता? आणि पुष्कळ शाळांत समवाय राहिला बाजूला, नुसती सूतकताई राहिली. मास्तरांना सूत हवं होतं, पोरांना सुट्टी. त्या लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण आपल्याकडच्या कातकरी वाडीचं बघा. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर निघतं, पोरांसकट. परत येतात पावसाच्या तोंडावर. त्या पोराला शाळेत वीट पाडायला शिकवण्यात काहीच अर्थ नाही, ते त्याला बापापेक्षा चांगलं येतं. त्याला विटेचा हिशोब शिकवा. उदाहरणापुरते आकडे घेतो: बापाने उचल घेतली ४० हजार, हजारी दर ८०० रुपये. तर किती विटा पाडल्या की उचल फिटेल? पन्नास हजार. आता दर आठवड्याला खर्ची मिळते ती त्यात मिळवा. फुटलेल्या विटा कोण धरतो, मालक की मजूर, ते विचारा. मग ते पोर मोबाईलवर तारीखवार नोंद ठेवेल: आज किती पाडल्या, किती मोजून घेतल्या, किती खर्ची मिळाली. हंगाम संपताना मुकादम म्हणाला 'अजून बारा हजार अंगावर आहेत', तर पोर मोबाईल पुढे करेल. त्रैराशिक हा धडा इतका उपयोगाचा असतो हे आपल्या शाळांत कुणी सांगितलेलं नाही. बापाचंच काम शाळेत आलं, पण बापाला जे कधी मिळालं नाही ते पोराला देण्यासाठी आलं.

आणि हे जमतं का? जमतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे, कमी पावसाचं. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली तिथे गेले आणि विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस कामाला: वेल्डिंग, सुतारकाम, वीज जोडणी, शेती-जनावरं, अन्न आणि आरोग्य. पोरांनी गावाची खरी कामं करायची, दुरुस्त्या करायच्या आणि त्यामागचं विज्ञान त्यातूनच शिकायचं. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने तो विषय नंतर कितीतरी शाळांत गेला. आणि ज्यांना हे सगळं जुनाट वाटतं त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या एमआयटीच्या कल्पनेतून जगभर ज्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली अगदी सुरुवातीची एक याच पाबळमध्ये आहे. सोलापुरातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर कोडमुळे ते गाजले, पण लक्षात घ्या, एका शिक्षकाने स्वतः डोकं लावून केलेलं ते काम होतं. वरून आलेलं पॅकेज नव्हतं.

शिक्षकांवर बोट दाखवणं सोपं आहे. मी दाखवणार नाही. दोन शिक्षकी शाळा, चार-पाच वर्ग, त्यात निवडणूक, सर्वेक्षण, आहाराच्या नोंदी, रोज नवीन लिंक, रोज नवीन फोटो अपलोड. एक गुरुजी मला म्हणाले, "दादा, मोबाईल चोवीस तास हातात आहे, पण पोरांसाठी नाही, ऑफिससाठी." पैशाचं बघाल तर तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान. खडू, दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यात. लाखभराचं पॅनेल देणारा कुणी बिलाचे पैसे देत नाही, आणि बंद पडल्यावर फोन उचलत नाही.

तरी वाट बंद नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला वर्षातले दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला सांगितलेत. राज्याने २०२४ ला 'आनंददायी शनिवार' काढला. हे दिवस कागदावर आहेतच, बहुतेक ठिकाणी ते कवायत, रांगोळी आणि फोटोत जातात. ते दिवस मूर्तीच्या कारखान्याला द्या, पावसाच्या बाटलीला द्या, मिठागरावर न्या. आणि कारागिराला फुकट बोलावू नका. त्याची त्या दिवसाची मजुरी द्या. शाल-श्रीफळाने त्याचं घर चालत नाही.

दुसरं, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि शाळा विकास आराखडा करणं हे त्या समितीचंच काम आहे. आपल्याकडे समितीची सही घरपोच मागवली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. येत्या बैठकीला प्रत्यक्ष जा. पुढचं पॅनेल मागण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: असलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीला पैसे, वीजबिलाची सोय, आणि एक हत्यारपेटी. हातोडी, करवत, पक्कड, मोजपट्टी, वजनकाटा, थर्मामीटर. एका पॅनेलच्या पैशात अशा किती पेट्या येतील ते दुकानात विचारून बघा, मी विचारलंय.

गागोद्याच्या ग्रामस्थांना एक सूचना. येत्या ११ सप्टेंबरला भाषणांतला एक तास पोरांना द्या. पोरांनी उभं राहून पावसाळ्याचे आकडे सांगावेत, जून ते ऑगस्ट, तारीखवार. पाहुण्यांनी खाली बसून ऐकावं.

आणि बाकीच्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहा: गावाचं नाव, शाळेत पॅनेल किंवा टीव्ही कधी आला, कुणी दिला, आज चालू आहे की बंद, बंद असेल तर कधीपासून. शिक्षकांची नावं नको, उगाच कुणावर कारवाई व्हायला नको. पंधरा दिवसांत जेवढं येईल तेवढ्याची यादी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जातो, उत्तर मिळालं की इथेच टाकतो.